उघडून बघू नका

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात नायलॉनचा एक धागा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसा. “हा मी तळव्याला टेकवीन. जाणवलं की ‘येस’ म्हणा,” त्या म्हणाल्या. मी डोळे मिटून बसलो. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं, वर पंखा कुरकुरत होता. बराच वेळ गेला तरी काहीच होईना. बाईंना दुसरं काही काम निघालं असेल असं वाटून मीच म्हणालो, “सुरू केलंत तरी चालेल.”

“झालं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी टेकवून झालं.”

मी डोळे उघडले. शैला, माझी बायको, समोरच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती.

मधुमेह मला बारा वर्षांपासून होता. त्याच्याशी माझं बरं चाललं आहे असा माझा समज होता. गोळ्या घेत होतो, वर्षातून एकदा रक्त तपासत होतो, लग्नकार्यात जिलेबी दिसली की एखादी खात होतो. पायातली जाणीव कधी निघून गेली ते मला कळलं नाही. कळणार तरी कसं? जाणीव जाते तेव्हा गेल्याचीही जाणीव होत नाही.

आणि माझं काम काय, तर तपासणं. मी मूळचा चिंचवडचा. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. चेन्नईच्या बाहेर नवा कारखाना निघाला तेव्हा तिथला विभाग उभा करायला म्हणून दोन वर्षांसाठी आलो आणि वेस्ट मांबलमच्या एका फ्लॅटमध्ये आठ वर्षं मुरलो. शैला टी. नगरच्या एका शाळेत हिंदी शिकवायला लागली आणि बघता बघता माझ्यापेक्षा चांगलं तमिळ बोलायला लागली. आमची मुलगी केतकी इथेच शिकली आणि नुकतीच सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. माझ्या खिशात कायम भिंग असायचं, म्हणून कारखान्यात मला ‘लेन्स सार’ म्हणत; इथे सरांना सार म्हणतात. मला त्याचा अभिमान होता, उगाच नाही कशाला म्हणू?

अशा या लेन्स सारांच्या बुटात लोखंडाची एक कपची गेली, दिवसभर तळव्यात रुतत राहिली, आणि त्यांना पत्ताही लागला नाही. संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसलं ते शैलाला. मी पाय धुतला, मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. दुखतच नव्हतं, मग रजा कशाला घालवायची? नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, करंगळी काळीनिळी पडली, आणि शैलानं मला ऑटोत घालून या पायांच्या दवाखान्यात आणलं.

“जंतू करंगळीच्या हाडात गेलेत,” डॉक्टर म्हणाल्या. “करंगळी काढावी लागेल. बाकीचा पाय वाचवायचा प्रयत्न करते. पण शब्द देत नाही.”

संमतीचा कागद पुढे आला. मी सवयीनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि छपाईच्या दोन चुका दाखवल्या.

“अहो, सही करा,” शैला म्हणाली.

*

दवाखान्यात बारा दिवस होतो. सकाळी सहाला बोटाला सुई टोचून साखर बघायची. साडेसहाला स्टीलच्या पेल्यात बिनसाखरेची कॉफी, आठला दोन इडल्या, मग सलाइनमधून औषध, दुपारी पुन्हा औषध. दहाच्या सुमाराला ड्रेसिंगची ट्रॉली येई. तिच्या चाकांचा आवाज लांबूनच ओळखू यायचा आणि खोलीतली माणसं बोलायची थांबत.

ट्रॉलीबरोबर सेल्वी सिस्टर असत. ठेंगण्या, ठणठणीत, केसांत रोज मोगऱ्याची माळ. खोलीत औषधांचा आणि जखमांचा वास भरलेला असायचा, पण त्या वाकल्या की क्षणभर मोगऱ्याचा वास यायचा. तेवढ्यासाठी मी त्यांची वाट बघायचो. दुखणाऱ्या माणसाला फार मोठं काही लागत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या पद्माबाई भेटायला आल्या. त्यांचं घराणं तंजावरचं, किती पिढ्या तिकडेच. त्यांची मराठी जुन्या पत्रांतल्यासारखी, आणि हेल सगळा तमिळ. मी उठायला लागलो तशा म्हणाल्या, “उठू नका हो, असेच असा. मजला ठाऊक आहे. आमच्या ह्यांसही असंच झालेलं. आधी बोट गेलं. मग पाऊल. मग गुडघ्यापासून.” एकेक जागा त्यांनी स्वतःच्या पायावर हात टेकवून दाखवली. “तुम्हांस तसं होणार नाही. मी मुरुगनास नवस बोलून आलें आहे.”

त्या मनापासून धीर द्यायला आल्या होत्या. जाताना शैलाच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मला मात्र तेव्हापासून ती ओळ सुटेना. बोट, पाऊल, गुडघा. सलाइनचे थेंब मोजता मोजता माझं तेच चालू व्हायचं. मला मरणाची भीती वाटली नाही, पण पाय जाण्याची फार वाटली. पाय गेला तर कारखाना गेला, आणि कारखान्याशिवाय मी कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

*

ताप उतरला, सूज ओसरली. करंगळीच्या जागी आणि तळव्याच्या कडेला मात्र उघडी जखम राहिली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी सेल्वींनी कागदी पट्टीनं तिची मापं घेतली. लांबी एक्केचाळीस मिलिमीटर, रुंदी सत्तावीस.

डॉक्टरांनी एक ट्यूब दाखवली. त्यात साबुदाण्याच्या पेजेसारखं पारदर्शक, थंडगार जेल होतं. जंतूंना आवर घालायला त्यात चांदीचा अंश होता. हे जखमेत भरायचं, वर मऊ चकती लावायची आणि पट्टीनं बंद करायचं. तेव्हा ही गोष्ट नवी होती; दोन दुकानं फिरल्यावर तिसऱ्यात मिळाली.

“पण डॉक्टर, जखम कोरडी नको का व्हायला?” मी विचारलं. लहानपणापासून मी एवढंच ऐकलं होतं. गुडघा फुटला की हळद, पावडर, ऊन, वारा. ओलं राहिलं की चिघळतं.

“कोरड्या जागेवर नवी कातडी पुढे सरकत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि नीट ऐका. पहिले काही आठवडे जखम मोठी झाल्यासारखी वाटेल. मेलेला भाग विरघळून निघतो, पिवळट काहीतरी दिसतं. घाबरायचं नाही. आणि मधेच उघडून बघायचं नाही. आत ऊब राहू द्या. प्रत्येक वेळी उघडलं की ती मोडते, नवी कातडी ओरबाडली जाते, बाहेरचे जंतू आत जातात.”

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ड्रेसिंग दवाखान्यात, आणि रविवारचं घरी शैलानं करायचं, असं ठरलं. सेल्वींनी तिला तीनदा शिकवलं. घरी येऊन तिनं केतकीच्या धडधाकट टाचेवर सराव केला. कोपरापर्यंत हात धुवायचे, नळ कोपरानं बंद करायचा, चकतीच्या मधल्या भागाला बोट लावायचं नाही. मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या बाईचं काम, त्यात चूक निघायची नाही. ड्रेसिंग झालं की चिकटपट्टीवर तारीख आणि सही. दवाखान्यात सेल्वींची, घरी शैलाची.

*

आता माझं सांगतो.

पाय जमिनीला टेकवायची बंदी होती. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, तेही वॉकर धरून एका पायावर. केतकीची बस सातला. शैला आठला निघे, अडीचला परत येई. मधले साडेसहा तास मी आणि तो पांढरा गठ्ठा. आत काय चाललं आहे ते कळायचा काही मार्ग नाही. दुखलं असतं तर निदान काही अंदाज आला असता. तो पाय माझ्याशी काही बोलतच नव्हता.

ज्याची तपासणी झाली नाही तो माल बरोबर आहे असं मी उभ्या आयुष्यात कधी मानलं नाही. सोमवारी साडेदहाला मी पट्टी सोडवली.

हात धुतले होते, हे सांगायला मी विसरत नाही, बघा. चकती एका बाजूनं अलगद उचलली. ऑफिसातून आणलेली प्रोजेक्टरची पारदर्शक शीट मापानं कापून ठेवली होती, ती जखमेवर धरली आणि मार्करनं कड गिरवली. मग आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजले. चकती परत बसवली, नवी चिकटपट्टी लावली. रविवारी घरी सोडताना ड्रेसिंग सेल्वींनीच केलं होतं, तेव्हा राहिली त्यांची सही. निळं पेन घेऊन मी तारीख लिहिली आणि सहीही केली. त्यांची ती गोल गोल सही मला दुसऱ्याच प्रयत्नात जमली.

एका पुरवठादारानं तपासणीच्या चिठ्ठीवर खोटी सही केली म्हणून मी त्याचा अख्खा ट्रक परत पाठवला होता. त्याची आठवण मला त्या वेळी आली नाही. खरं म्हणजे आली, पण मी तिला दाद दिली नाही. हे माझंच शरीर आहे, मी माझीच वस्तू तपासतो आहे, असं मी स्वतःला पटवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वहीत रकाने आखले, रोज एक ठिपका. लांबी एक्केचाळीसची त्रेचाळीस झाली, मग सेहेचाळीस. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच दिसेल म्हणून. पण आलेख वर चढताना बघून मी घाबरलो, आणि घाबरलो म्हणून मी आणखी बारकाईनं बघायला लागलो. काही दिवशी दहा मिनिटं तसाच उघडा ठेवून पंख्याची हवाही लागू दिली. शनिवार-रविवारी शैला घरी असे, तेव्हा सुट्टी. बाकी शाळेचा एकही दिवस चुकला नाही. चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत एकोणीस वेळा; शुक्रवारी शाळेला सुट्टी होती.

*

शुक्रवारी सेल्वींनी चकती उचलली आणि त्यांचा हात थांबला. वास मलाही आला. कड लाल झाली होती, आत हिरवट झाक होती. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बघितलं, नमुना घेतला, पुन्हा गोळ्या आणि इंजेक्शनं लिहून दिली आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

सेल्वींनी शैलाकडे वळून तमिळमध्ये विचारलं, “अम्मा, रविवारी तुम्हीच केलंत ना? हात नीट धुतले होते?”

“धुतले होते,” शैला म्हणाली.

“नखं? बांगड्या काढल्या होत्या? चकतीला आतून हात नाही ना लागला?”

“नाही. म्हणजे... मला नाही वाटत लागला असेल.”

“लागला असेल, अम्मा. कळत नाही कधी कधी.” सेल्वी रागावून बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “आता तुम्ही करू नका. एक दिवसाआड इथेच या, मी करीन.”

शैलानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मीही तिच्याकडेच बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते तमिळमध्ये, इंग्रजीत, मराठीत, तिन्ही भाषांत मला येत होतं. मी मूग गिळून बसलो.

*

का बोललो नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. शरम होती. सही खोटी केली होती, ते उघड झालं असतं. आणि असंही वाटलं, की कशावरून माझ्यामुळेच झालं? तिच्याकडूनही झालं असेल. असा विचार मी केला. लिहिताना हात अडखळतो आहे, पण केला.

घर शांत झालं. शैला भांडली नाही, रडली नाही. फक्त हात धुवायला लागली. शाळेतून आल्यावर, कणीक मळायच्या आधी, मळल्यानंतर, मला पाण्याचा पेला द्यायच्या आधी. औषधी साबणानं, कोपरापर्यंत. काही दिवसांत तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. पेला पुढे करताना ती तो खालून धरायची, माझ्या हाताला तिचा हात लागू नये म्हणून.

केतकी एका रविवारी म्हणाली, “आई, तू स्वतःला किती त्रास करून घेतेस? झालं ते झालं. मुद्दाम थोडंच केलंस?”

“मुद्दाम नाही केलं,” शैला म्हणाली. “पण केलं ना.”

मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर धरला होता.

आणि याच काळात मी आणखी एकदा पट्टी उघडली. औषधांनी उतार पडतो आहे का ते बघायला. विसावा ठिपका. त्या दिवशी मात्र सही चौथ्या प्रयत्नात जमली.

*

मंगळवारी डॉक्टरांनी नवा एक्स-रे घेऊन बोलावलं. शैला आणि मी त्यांच्या समोर बसलो, सेल्वी दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला.

“हाड अजून वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “पण जखम भरत नाहीये. जेल दिलं, औषधं दिली, पाय टेकवू दिला नाही. रविवारचं एक ड्रेसिंग सोडलं तर सगळं नियमानं झालं. तरीही जर हा पाय साथ देत नसेल, तर वाट बघण्यात धोका आहे. पुढचं अर्धं पाऊल काढावं असं माझं मत व्हायला लागलं आहे. निदान गुडघा तरी वाचेल.”

पद्माबाईंचा हात मला दिसला, एकेक जागा दाखवणारा.

आणि मला समोर लख्ख दिसलं की या बाई चुकीच्या आकड्यांवर निर्णय घेत आहेत. जेल हरलं असं त्यांना वाटतं आहे, पण जेलला कधी काम करूच दिलेलं नाही. मी बोललो नाही तर माझं पाऊल जाईल, तेही खोट्या नोंदीपायी.

“नियमानं झालं नाही,” मी म्हणालो. “मी उघडत होतो.”

मी इंग्रजीतच पुढे सांगितलं. शीट, मार्कर, वही, चिकटपट्टी. सहीपाशी आलो तेव्हा सेल्वींकडे बघायचं धाडस झालं नाही. शैलाकडे तर नाहीच.

“किती वेळा?” डॉक्टरांनी विचारलं.

“वीस.”

त्यांनी एक्स-रे उजेडावरून काढला आणि पाकिटात घातला. “मग मला काहीच माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “हे औषध तुम्हांला लागू पडतं की नाही, मला अजून माहीतच नाही. पहिल्यापासून सुरू करू. तीन आठवडे. उघडेल ती फक्त सेल्वी. तीन आठवड्यांनी जखम निम्मी झाली नाही, तर मी म्हणेन तिथे सही करायची. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो.

एक गोष्ट इथेच लिहून टाकतो. मी बोललो तो पाय वाचवायला. शैलाला सोडवायला नाही. तिच्यासाठी बोलायचं असतं तर त्या शुक्रवारीच बोललो असतो.

*

घरी आल्यावर शैलानं मला वॉकर दिला, खुर्चीत बसवलं, पाय उशीवर ठेवला. कुकर लावला. मग ओले हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“सेल्वी विचारत होती तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात.”

मी मान हलवली.

“मला वाटलं, बिचारे मला समजून घेतायत. एवढी चूक झाली माझ्याकडून, पाय जायची वेळ आली, तरी एका शब्दानं बोलले नाहीत. घरी आल्यावर मी देवापुढे बसून तुमच्यासाठी रडले, माहीत आहे? इतका चांगला नवरा, आणि मी त्याचा पाय घालवला म्हणून.”

“शैला, चुकलं माझं,” एवढंच म्हणालो. ते इतकं तोकडं होतं, की कुकरची शिट्टी झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ती गॅस बंद करायला गेली ती परत आली नाही. वॉकर तिनं जाता जाता भिंतीशी ठेवला होता, माझ्या हाताला न येण्याइतका लांब. मुद्दाम नसेल. तिच्या मागे जायला मी दोन पावलंही टाकू शकत नव्हतो. टाकली असती तर पुन्हा जखम दाबली गेली असती. मी तिथेच बसून राहिलो.

*

ते तीन आठवडे मी पट्टीकडे बघतसुद्धा नव्हतो. सवय फार वाईट. साडेदहा वाजले की हात आपोआप पायाकडे जायचा. मी हात मांडीखाली घालून बसायचो. रेडिओवर तमिळ बातम्या लावून एकेक शब्द समजून घ्यायचा प्रयत्न करायचो. हसू नका. पन्नाशीच्या माणसाला स्वतःचे हात आवरायला दुसरा उपाय सापडला नाही.

दर ड्रेसिंगला मी मान दुसरीकडे वळवून बसे. पहिल्या आठवड्यात सेल्वी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यात म्हणाल्या, “लाल आहे. चांगला लाल.” तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी माप घेतलं आणि डॉक्टरांना हाक मारली. बावीस बाय चौदा. डॉक्टरांनी आपल्या बोटानं जखमेची कड दाखवली. चारी बाजूंनी मोत्यासारखी फिकट गुलाबी किनार आत सरकत होती.

“पाऊल राहतंय,” त्या म्हणाल्या.

मी रडलो. लाज न बाळगता, आवाज करून रडलो.

सेल्वींनी हातमोजे काढले. केसांतली मोगऱ्याची माळ सोडवून अर्धी तोडली आणि शैलाच्या हातात ठेवली. “अम्मा, येन् तप्पु,” त्या म्हणाल्या. “चूक माझी. मी तुम्हांला नको ते बोलले. मन्निच्चुडुंग, माफ करा.” शैलानं त्यांचे दोन्ही हात धरले. सेल्वींची काय चूक होती? खोटी सही केली मी, ती त्यांच्या नावाची. आणि माफी त्या मागत होत्या.

“आता रविवारचं घरी करायला हरकत नाही, अम्मा,” त्या म्हणाल्या.

“नाही,” शैला म्हणाली. “मी नाही करणार. केतकीला शिकवा.”

त्यानंतर तिनं माझ्या पायाला हात लावला नाही. डबा दिला, कपडे दिले, औषधाच्या वेळा सांगितल्या, दवाखान्यात प्रत्येक वेळी बरोबर आली. जखम मात्र केतकीनंच बांधली. पूर्ण मिटायला आणखी अडीच महिने लागले. आता मी खास बनवून घेतलेले बूट घालतो, घालण्याआधी उलटे करून झटकतो, आणि रोज तळवे आरशात बघतो. हे बघणं डॉक्टरांनीच सांगितलेलं आहे.

*

इथल्या मराठी मंडळातल्या दोघांना हेच दुखणं लागलं, त्यांनी विचारलं म्हणून हे लिहायला घेतलं. त्यांना मी सांगितलं ते असं: पाय दुखत नाही याचा आनंद मानू नका. ओलं जेल बघून दचकू नका. जखम आधी मोठी दिसेल, दिसू द्या. पट्टीखाली काय चाललं आहे ते ज्याचं काम त्याला ठरल्या वेळी बघू द्या. आणि काही चुकलं असेल तर डॉक्टर विचारेपर्यंत थांबू नका. ज्या माणसावर आळ येतो आहे त्याच्या देखत, लगेच बोला.

लिहून झाल्यावर कागद शैलाला दिले. रविवारची दुपार होती. ती लाल पेन घेऊन बाल्कनीत बसली, शाळेच्या वह्या तपासते तशी. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. एक वाक्य खोडलं, ते कुठलं ते मी सांगत नाही. शेवटच्या पानावर बराच वेळ पेन धरून बसली.

“मिलिमीटर सगळे लिहिलेत,” ती म्हणाली.

“वही होती ना.”

“त्या शुक्रवारपासून त्या मंगळवारपर्यंत किती दिवस होते, ते कुठे लिहिलं नाहीत.”

मी बोटांवर मोजायला लागलो. तिला मोजावं लागलं नाही.

“अकरा,” ती म्हणाली. “लिहा.”